वाद्यवृंदाने गप्प बसायची जागा

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "गातेस की वाजवतेस?" मी म्हटलं, गणित शिकवते. घर सगळं गाण्याचं. आमचे हे गोरव्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते, आणि तिथून सुटले की पेटीवर. गावातल्या कुठल्याही मराठी मंडळात कुणाला नाट्यगीत म्हणायचं असलं की पहिला निरोप आमच्याकडे. "साथीला तुम्ही असलात की गळा निम्मा हलका होतो," असं गाणारे म्हणत, आणि ते खरंच होतं. गाणाऱ्याला मधेच श्वास घ्यावा लागला, की तेवढ्या फटीत यांचे दोन सूर असे अलगद येऊन बसत की श्वास घेतला हे कुणाला कळू नये. साथ म्हणजे हेच, असं हे म्हणत.

तर माझ्यासारखीने पियानोच्या कॉन्चेर्टोवर लिहायला बसावं म्हणजे कमालच म्हणायची. पण एका कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग आमच्या घरात इतका वाजला, शिट्टीवर वाजला, ताटाच्या कडेवर वाजला, की मला तो पाढ्यांसारखा पाठ आहे. आणि ज्या कुणी तो रचला त्या माणसाला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले आहेत. मी आठवी-नववीला भूमिती शिकवत असे. पैकीच्या पैकी माझ्या हातून सहसा सुटत नाहीत.

आम्ही मांजलपूरला नवीन सोसायटीत राहायला आलो ते नव्वदीचं दशक. घरोघर केबल आली होती आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. सोसायटीतली झाडून सगळी मुलं तिथे जायची. आमची लेक मात्र तिसरी-चौथीपासून फतेगंजला एका पारशी बाईंकडे पियानो शिकायला जायची. बाईंना सगळे टीचर म्हणत, भाजीवालासुद्धा. त्यांच्या दिवाणखान्यात दोन पियानो होते, एक त्यांचा आणि एक त्यांच्या वारलेल्या बहिणीचा. शेजारीण मला विचारायची, "पियानो शिखीने करशे शुं?" म्हणजे शिकून करणार काय. मी म्हणायचे, वाजवणार. दुसरं काय करतात पियानोचं?

लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. पण तिची ठिणगी आधीच्या गणपतीत पडली होती. मंडळाच्या कार्यक्रमात तिने कीबोर्डवर एक छोटा विलायती तुकडा वाजवायला घेतला आणि निम्म्यावर विसरली. होतं असं. हात थांबले. पुढचं नाट्यगीत होतं म्हणून हे पेटी घेऊन स्टेजच्या कोपऱ्यात बसलेच होते. एक क्षण गेला असेल नसेल, यांनी पेटीवर पुढचा सूर उचलला आणि तो तुकडा शेवटापर्यंत नेऊन पोचवला. लेक नुसती बसून राहिली. टाळ्या काय, विचारू नका. बाप असावा तर असा, असं चार बायका मला येऊन सांगून गेल्या.

घरी आल्यावर दारात चपला काढताना लेक म्हणाली, "बाबा, मला सापडत होतं."

"अगं, समोर लोक बसले होते."

"बसू द्यायचं त्यांना. थांबला असतात तर मला सापडलं असतं."

पुढे कितीतरी दिवस बापलेकीत "पाणी दे", "पाणी घ्या" एवढंच संभाषण. मी मधे पडले नाही. मला दोघांचंही पटत होतं, आणि अशा वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते.

टीचरकडे दर वर्षी थंडीत विद्यार्थ्यांचा एक छोटा कार्यक्रम व्हायचा. रिवाज असा, की सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याने एका पियानोवर कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग वाजवायचा. कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला एकटा पियानो आणि दुसऱ्या बाजूला अख्खा वाद्यवृंद. आता बडोद्यात वाद्यवृंद कुठून आणायचा? म्हणून टीचर स्वतः दुसऱ्या पियानोवर बसून वाद्यवृंद व्हायच्या. त्या वर्षी पाळी आमच्या लेकीची होती. आणि दिवाळीनंतर टीचर मोरीत घसरल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

टीचरनी सरळ यांना बोलावलं. आठवड्यातून दोनदा लेकीच्या सोबतीला जाऊन हे व्हरांड्यात बसत, त्यामुळे वाद्यवृंदाचा भाग यांना कानाने पाठ झालेला होता. घरी पेटीवर काढलेलासुद्धा. लेकीचं तोंड आंबट झालं, पण दुसरं होतं कोण? यांना तर आकाश ठेंगणं झालं.

अडचण निघाली ती डाव्या हाताची. पेटीवाल्याचा उजवा हात सुरांवर फिरतो, डावा हात भाता हलवतो. आयुष्यभर हेच केलेलं. पियानोवर डाव्या हाताला स्वतःचं काम असतं, आणि यांचा डावा हात पहिले काही दिवस हवा भरायच्या बेतानेच पुढे-मागे व्हायचा. टीचर हसून हसून बेजार. मग त्यांनी तो भाग सोपा करून दिला, डाव्या हाताला दोन-तीन खर्जाचे सूर, बाकी सगळं उजव्याला. यांना ते परदेशी नोटेशन वाचता येत नसे, म्हणून यांनी ते सगळं सारेगमपमध्ये लिहून घेतलं. पंचेचाळिशी उलटलेला माणूस रोज सकाळी डब्याच्या आधी जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताची बोटं आपटत बसायचा. मी चिडवायची, "टेबल बेसूर लागतंय का?" पण खरं सांगते, मला कौतुक वाटायचं. माझ्या वर्गातल्या मुलांनी निम्मी जरी चिकाटी दाखवली असती तर मी रोज पेढे वाटले असते.

मी उत्तरपत्रिका घेऊन बरोबर जायला लागले ती याच काळात. तपासता तपासता ऐकायचे, आणि एकदा न राहवून टीचरना विचारलं, की हे पुन्हा पुन्हा तिथेच का येतं?

टीचरना असं कुणी विचारलं की त्या खूश व्हायच्या. म्हणाल्या, गरब्यात एक जण गवडावते, म्हणजे ओळ गाऊन देते, आणि बाकीच्या झेलतात, तसं. सुरुवातीला पियानो एकटाच एक चाल वाजवतो. साधी, उड्या मारणारी, दुसऱ्यांदा ऐकली की गुणगुणावीशी वाटणारी. लगेच वाद्यवृंद सगळाच्या सगळा तीच चाल उचलतो. मग पियानो रिंगणातून बाहेर पडतो, भलतीच गोष्ट सांगायला लागतो, भलत्या पट्टीत जातो, आणि हिंडून फिरून त्याच चालीवर परत. पुन्हा सगळे मिळून ती म्हणतात. पुन्हा तो बाहेर, या खेपेला जरा उदास गल्लीत, आणि पुन्हा परत. या घाटाला रोंडो म्हणतात.

"म्हणजे आपलं ध्रुवपदच," हे म्हणाले. टीचरनी मान डोलावली, पण पुढचं ऐका म्हणाल्या.

मला काय आवडायचं सांगू? चाल परत यायच्या आधीची तयारी. आता येणार, आता येणार, म्हणून कान पुढे होतात, आणि तो रचणारा गृहस्थ नेमकं एक वळण जास्त घेतो. मग आपल्याला वाटतं आता तरी, तर तो जागच्या जागी थांबून जणू विचार करतो. आणि अगदी सहज, मागच्या दाराने, चाल हजर. हसूच यायचं मला. आणि त्या उदास भागानंतर तीच चाल येते तेव्हा तिचा एक सूरही बदललेला नसतो, तरी ती वेगळी वाटते. गणितात असं नाही. उदास होऊन बेरीज केली तरी उत्तर तेच येतं. इतक्या हसऱ्या गाण्यात त्या माणसाने हे कसं बसवलं असेल याचं मला अजून नवल वाटतं.

पण खरी मेख शेवटाजवळ. तिथे वाद्यवृंद जोरात चढत चढत एका जागी येतो आणि वाक्य "म्हणून" या शब्दावर सोडावं तसा अर्धवट थांबतो. पुढचं पियानोने एकट्याने सांगायचं. जुन्या काळी वाजवणारा तिथे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचा. आता बहुतेक जण लिहिलेलं पाठ करतात. ही जागा म्हणजे कॅडेन्झा. तेवढा वेळ वाद्यवृंदातले झाडून सगळे मांडीवर हात ठेवून बसतात. पियानोचं सांगून संपलं की तो शेजारचे दोन सूर भराभर आलटून पालटून थरथरत ठेवतो. त्याला ट्रिल म्हणतात. ट्रिल म्हणजे खूण, की माझं झालं, आता तुम्ही या. मग वाद्यवृंद आत शिरतो, अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो, आणि सगळे मिळून शेवटची एकदा ती चाल.

घोडं पेंड खात होतं ते इथे. बाकी सगळं यांना जमलं. न वाजवणं जमेना.

कॅडेन्झामध्ये लेक एखाद्या वळणावर क्षणभर थांबली, श्वास घेतला, की दुसऱ्या पियानोवरून दोन सूर आलेच. तालात, सुरात, अगदी जिथे हवे तिथे. टीचर म्हणायच्या, "साहेब, बहु सरस, पण अत्यारे नहीं." फार छान, पण आत्ता नाही. हे ओशाळायचे. "मला कळतच नाही हात कधी गेला," म्हणायचे. आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. जित्याची खोड. मग टीचरनी युक्ती काढली. कॅडेन्झा आली की त्या चांगल्या हाताने यांच्यापुढे कपबशी धरायच्या. यांनी ती दोन्ही हातांनी धरायची, चहा प्यायचा नाही, ट्रिल सुरू झाली की खाली ठेवायची. हात अडकले, तर हे तोंडाने सूर भरायला लागले. हळूच, ओठ मिटून.

लेकीने हात उचलले. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "बाबा, ऐका. कार्यक्रमात तुम्ही तिथे एक सूर जरी भरलात ना, तर मी उठून जाईन. आणि परत पियानोला हात लावणार नाही. कधीच नाही."

"अगं पण तू अडकलीस तर?"

"तर अडकेन."

ती माझी मुलगी आहे. बोलली म्हणजे करणारच, हे यांनाही माहीत होतं आणि मलाही. इतक्या वर्षांचा पियानो बापाच्या दोन सुरांवर लटकलेला, आणि ते दोन सूर मायेनेच यायचे, म्हणून तर जीव टांगणीला.

त्यानंतर यांनी जो रियाज केला तो मी जन्मात विसरणार नाही. टीचरनी लेकीचा भाग कॅसेटवर भरून दिला होता. हे कारखान्यातून आले की उघडी पेटी समोर ठेवून, हात मांडीवर घेऊन, ती कॅडेन्झा लावून बसायचे. काही न वाजवता. वाजवायचा रियाज मी लग्नापासून ऐकत आले होते, न वाजवायचा पहिल्यांदा पाहिला. सुरुवातीला पँटवर बोटं चालायची. मग बोटं थांबली तर खांदे हलायचे. मी कणीक मळता मळता दारातून बघायची आणि मुद्दाम म्हणायची, "आज फार छान वाजवलं नाहीत हो." हसायचे, पण घाम पुसायचे. भरल्या घरात ज्याला कधी कुणी गप्प बस म्हटलं नाही असा हा माणूस, लेकीसाठी गप्प बसायला शिकत होता. मला भरून यायचं, आणि मग मी कुकरवर ओरडायची.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. टीचरच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या, फतेगंजातली ओळखीची मंडळी, विद्यार्थ्यांचे आईबाप, आमच्या मंडळातले काही जण. दोन्ही पियानो एकमेकांकडे तिरके वळवून ठेवलेले, म्हणजे वाजवणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसावेत. मी कडेची खुर्ची धरली. मला दोघंही दिसत होते. हे सफारी घालून असे बसले होते जणू मुलगी बघायला आलेत.

लेकीने चाल सुरू केली. यांनी उचलली, आणि काय उचलली. डावा हात गुणी मुलासारखा आपलं काम करत होता. लेक बाहेर गेली, परत आली, हे झेलत गेले. ते जास्तीचं वळण आलं तेव्हा समोरच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या पारशीणबाई मोठ्याने हसल्या. मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली. मग ती उदास गल्ली, मग पुन्हा चाल, मग चढत चढत वाद्यवृंद त्या अर्ध्या वाक्यापाशी आला आणि थांबला. यांनी हात मांडीवर ठेवले.

लेक एकटी निघाली. निम्मं अंतर सुरेख गेली. मग एक चढण होती, ती तिने घेतली, पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. मला गाणं कळत नाही, पण भिंतीपलीकडून इतके महिने ऐकलेलं कळतं. तिला पुढचं आठवत नव्हतं. हात थांबले.

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली, ती अख्खी जाताना ऐकू आली. मी यांच्याकडे पाहिलं. उजवा हात मांडीवरून वर आला होता. यांना पुढचा सूर माहीत होता. मला माहीत होतं की यांना माहीत आहे. लेक पट्ट्यांकडे बघतच नव्हती, ती त्या हाताकडे बघत होती. आणि यांनी तिच्याकडे पाहिलं, हात मागे घेतला, आणि दोन्ही पंजे मांडीखाली घालून त्यांच्यावर बसून राहिले. माझ्या वर्गातली उपद्व्यापी पोरं बसतात तसे.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आपणच उठावं आणि काहीतरी वाजवावं असं मला वाटलं. मला, जिला सा कुठे असतो ते माहीत नाही. तेव्हा कुठे कळलं की हा माणूस प्रत्येक वेळी काय सोसत होता.

मग लेकीने एक सूर दाबला. खाली, खर्जात. पहिल्या चालीतला पहिला सूर. मग दुसरा. ती हसरी चाल तिने त्या उदास पट्टीत, हळूहळू, चाचपत म्हणायला घेतली. कॅसेटवर हे नव्हतं. एके ठिकाणी बोट चुकलं, तर तिने ती चूकच पुन्हा वाजवली आणि तिच्यावरून पुढे गेली. टीचर खुर्चीत ताठ झाल्या. लेक वेग घेत गेली, इकडून तिकडे, कुठल्या कुठे, आणि मला काही म्हणता काही समजत नव्हतं, फक्त ती बाहेर पडली आहे आणि तिला घरचा रस्ता सापडला आहे एवढं कळत होतं. टीचर नंतर म्हणाल्या, तिने जे केलं ते असं शिकवता येत नाही. मग डोंगर उतरावा तशी ती खाली आली आणि ट्रिल सुरू झाली.

ट्रिल म्हणजे या.

हे आले नाहीत. हातांवर बसून, तोंड किंचित उघडं, डोळ्यांतून पाणी गालावर, हे ऐकत होते. नुसते ऐकत होते, तिकीट काढून आलेल्या माणसासारखे. वाद्यवृंद आपण आहोत हे पार विसरून गेले होते. ट्रिल चालू. टीचर खोकल्या. ट्रिल चालू. लोकांना वाटलं असणार हे असंच असतं, एक-दोघांनी टाळ्यासुद्धा सुरू केल्या. लेकीने बोटं बदलली, ट्रिल सोडली नाही, आणि जेवायला पानं घेतली की आतून हाक मारते त्या आवाजात म्हणाली,

"बाबा, या ना आता."

हे दचकले. हात मांडीखालून ओढून काढले, त्यांना मुंग्या आल्या असणार, पण सूर बरोबर पडला, दोन्ही हातांनी. पुढे दोघांनी मिळून ती चाल कशी संपवली ते मला सांगता येणार नाही. मी पदर तोंडावर धरला होता.

घरी परतताना लेक तिच्या लुनावर पुढे निघून गेली. आम्ही मागून स्कूटरवर. पहिल्याच चौकात यांनी मान अर्धी वळवून विचारलं, "तिने मला बोलावलं ना?"

"हो. बोलावलं."

पुढच्या चौकात पुन्हा, "बोलावलं ना पण?" मांजलपूर येईपर्यंत हे तेच विचारत राहिले. एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की माझं डोकं फिरतं, अख्ख्या शाळेला माहीत आहे. पण मी दर वेळी हो म्हटलं.